इंजिन बंद करून एक मिनिट

मॅडम गेल्याची बातमी आली तेव्हा सेक्रेटरी गाडीखाली होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, म्हणून बायकोने पायांनाच बातमी सांगितली.

"अहो, मॅडम गेल्या."

पाय एकदम थिजले. मग आतून 'ठण्ण' असा आवाज आला, कारण सेक्रेटरींनी दचकून डोकं वर उचललं आणि वर इंजिन होतं. ते सरपटत बाहेर आले तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं आणि गालांवरून ऑइल वाहत होतं.

"बाबा, तुम्ही काळं रडताय," मुलगी म्हणाली. ती पंधरा वर्षांची होती आणि समोर दिसेल ते बोलायची तिला सवय होती.

"रडू दे," सेक्रेटरी म्हणाले. "आज काळंच रडायला पाहिजे."

मॅडम म्हणजे पडद्यावरच्या मॅडम. सगळ्या नट्या गाडीत मागे बसून रुमाल हलवायच्या, त्या काळात मॅडम स्वतः स्टेअरिंगवर बसल्या. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, एक हात चाकावर, आणि पुढे पळणाऱ्या खलनायकाची पाचावर धारण बसलेली! त्यांची ती वळणं बघून एका अख्ख्या पिढीला गाड्यांचं वेड लागलं. त्याच वेड्यांनी पुढे 'जुन्या गाड्यांचं मंडळ' काढलं आणि विमा कचेरीत काम करणारे आपले हे गृहस्थ त्याचे सेक्रेटरी झाले. कचेरीत त्यांना नावाने ओळखत असतील, पण मंडळात आणि गल्लीत ते सेक्रेटरीच.

त्यांच्याकडे एक फिकट हिरवी, गोल डोळ्यांची, म्हातारी गाडी होती. तिला ते 'ही' म्हणायचे. बायकोलाही 'ही'च म्हणायचे. त्यामुळे "हिला काल फार खोकला झाला" असं त्यांनी फोनवर सांगितलं की पलीकडच्या माणसाला काळजी कोणाची करावी ते समजत नसे. बायकोला मात्र बरोबर समजायचं. तिच्या खोकल्यासाठी सेक्रेटरींनी कधी फोन केलेला नव्हता.

या बायकोची, म्हणजे वहिनींची (सगळं मंडळ त्यांना वहिनीच म्हणायचं), आयुष्यात एक साधी इच्छा होती. त्यांना ती हिरवी गाडी एकदा चालवायची होती. फक्त एकदा. रीतसर शिकून त्यांनी परवाना काढला होता, आणि तो पर्समध्ये इतकी वर्षं पडून होता की त्यावरच्या फोटोतली बाई आता वहिनींची धाकटी बहीण वाटायची.

"अगं, ही वेगळी आहे," सेक्रेटरी दरवेळी म्हणायचे. "हिचं मन सांभाळावं लागतं."

"आणि माझं?"

"तुझं काय, तू समजूतदार आहेस."

त्या दिवशीही सेक्रेटरी फडक्याने डोळे पुसत म्हणाले, "काय बाई होती! बाईच्या हातात चाक शोभतं ते कसं, हे तिने दाखवलं सगळ्या जगाला!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "मग चावी द्या. मीही जरा दाखवते."

"शोकाच्या दिवशी थट्टा करू नये," सेक्रेटरी म्हणाले आणि चावी खिशात घालून मंडळाच्या बैठकीला निघून गेले.

बैठक दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरली, कारण डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष होते. ते पेशंटच्या खुर्चीत आडवे पडून अध्यक्षपद भूषवत. बाकीचे सभासद बाकांवर बसले. चष्मेवाले होते, मेजर होते. मेजर सैन्यात कधीच नव्हते. त्यांच्या गाडीत निघेल तो बिघाड मेजर असायचा, म्हणून ते मेजर.

ठरलं ते असं. मंडळाच्या सातही गाड्या पुष्पचक्र घेऊन शहरभर हळूहळू फिरतील आणि मॅडमचा पहिला सिनेमा लागला होता त्या थेटराशी पोचतील. तिथे मॅडमची धाकटी बहीण पुष्पचक्र स्वीकारेल. इथपर्यंत सगळं छान होतं. मग डॉक्टरांना खुर्चीत पडल्या पडल्या स्फूर्ती झाली.

"वाटेत मोठ्या चौकात थांबायचं," ते छताकडे बघत म्हणाले. "सगळ्यांनी इंजिनं बंद करायची. आणि एक मिनिट शांतता."

दवाखान्यात ताबडतोब शांतता पसरली. ती शोकाची नव्हती, भीतीची होती.

जुन्या गाडीचं एक असतं. थंड असताना ती सुरू होते, लाडात आली तर पटकनही होते. पण उन्हातून हळूहळू फिरून तापल्यावर जर का बंद केली, तर नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि मग ती निवांत निवेपर्यंत देवाच्या बापालाही ऐकत नाही. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला आपापल्या गाडीबद्दल पक्कं ठाऊक होतं. पंचाईत अशी, की इतकी वर्षं प्रत्येक जण उरलेल्या सहांना छातीठोकपणे सांगत आला होता, "माझी? छे! कितीही तापू दे, अर्ध्या वेढ्यात घेते." त्यामुळे प्रत्येकाला वाटत होतं की असली नाठाळ गाडी आपल्या एकट्याच्याच नशिबी आलीय.

"वा! इंजिन बंद! फारच हृद्य कल्पना," चष्मेवाले घाम पुसत म्हणाले.

"माझी तर काय, बोट लावलं की सुरू," मेजर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला.

"ठराव एकमताने मंजूर," सेक्रेटरींनी लिहून घेतलं. 'एकमताने' लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

शोकयात्रेच्या दिवशी सकाळी वहिनी छानशी साडी नेसून पुढचं दार उघडायला गेल्या, तर पुढच्या सीटवर मॅडमचा भलामोठा फोटो बसलेला. हसरा चेहरा, स्कार्फ, काळा चष्मा. पडू नये म्हणून सेक्रेटरींनी स्वतःच्या टायने तो सीटला बांधला होता.

"मी कुठे बसू?"

"मागे बस ना. पुष्पचक्र धर मांडीवर."

"म्हणजे चालवायचं नाही ते नाहीच, आता शेजारी बसायलाही नाही?"

"आई, बस गं," मुलगी मागून म्हणाली. "मॅडमचं वजन तुझ्यापेक्षा कमी आहे, गाडीला तेवढंच बरं."

वहिनींनी लेकीकडे अशा नजरेने पाहिलं की ती पुढचा अर्धा रस्ता गप्प होती. हा तिचा विक्रमच म्हणायचा.

सात गाड्या रांगेने निघाल्या. ऊन चढत गेलं, इंजिनं तापत गेली. घरच्या माणसांना प्रत्येकाने हौसेने बरोबर घेतलं होतं: डॉक्टरांची बायको, चष्मेवाल्यांची बहीण, मेजरची आई, बाकी तिघांच्या बायका. लोक गॅलऱ्यांतून हात जोडत होते. सेक्रेटरींचं लक्ष मात्र उष्णतेच्या काट्याकडे होतं, आणि काटा निघाला होता वर, थेट मॅडमना भेटायला.

मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने सगळी वाहनं थोपवून धरली होती. "एक मिनिट म्हणजे एक मिनिट हां," त्याने बजावलं. "हा चौक आहे, तुमच्या घरची बैठकीची खोली नाही." आणि त्याने शिट्टी वाजवली.

शांततेला सुरुवात झाली, पण शांतता काही झाली नाही. सातही इंजिनं हलकेच गुरगुरत राहिली! घडलं असं होतं, की प्रत्येक सभासदाने घरून निघतानाच मनाशी ठरवलं होतं: बाकीचे सहा जण बंद करतील, मी अगदी हळू चालू ठेवीन, गर्दीत कोणाला ऐकू जातंय! आता सातही जण माना खाली घालून, डोळे मिटून, शोकमग्न चेहऱ्याने एकमेकांच्या इंजिनांचा आवाज ऐकत होते.

"हे कसलं मौन?" फुटपाथवरचा एक म्हातारा म्हणाला. "हे तर घोरतायत."

वहिनींनी हे ऐकलं. नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं, शेजारच्या फोटोतल्या हसऱ्या बाईकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. मांडीवरचं पुष्पचक्र लेकीकडे देऊन त्या पुढे वाकल्या, सेक्रेटरींच्या खांद्यावरून हात घातला आणि चावी फिरवली. इंजिन आचका देऊन गप्प झालं.

"अगं, काय केलंस!" सेक्रेटरी किंचाळले, पण मौन असल्यामुळे त्यांना ते कुजबुजत किंचाळावं लागलं.

"माणूस गेलंय," वहिनी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "एक मिनिट तरी गप्प बसवा त्या डब्याला."

चौकातल्या सगळ्या नजरा उरलेल्या सहा गाड्यांकडे वळल्या. आता मेजरची काय बिशाद! त्यांनी बंद केली. चष्मेवाल्यांनी केली. सगळ्यात शेवटी, ज्यांची कल्पना होती त्या डॉक्टरांनी, दाढ उपटताना पेशंटचा होतो तसा चेहरा करून केली.

आणि मग मात्र खरी शांतता झाली.

मिनिट संपलं. पोलिसाने शिट्टी वाजवली. कोणी हललं नाही. प्रत्येक जण वाट बघत होता की दुसऱ्याने आधी सुरू करावी, म्हणजे आपली नाही झाली तरी त्या आवाजात लपेल. पोलिसाने शिट्टी तोंडाशी नेली, सातही गाड्यांत खाली घातलेल्या माना पाहिल्या, आणि त्याला भरून आलं. त्याने शिट्टी खिशात ठेवली आणि टोपी काढली.

ते बघून बसच्या ड्रायव्हरने बस बंद केली. मागच्या ट्रकने इंजिन बंद केलं. केस कापणारा अर्धवट दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर येऊन उभा राहिला. गिऱ्हाइकाने एका गालाला फेस तसाच ठेवून मान लववली. वरच्या मजल्यावरच्या बाईने कुकरखालचा गॅस बंद केला. अख्ख्या चौकात कबुतराने पंख झटकले तरी ऐकू येत होतं.

"बाबा," मुलगी कुजबुजली, "संपलं ना मिनिट?"

"गप्प बस. अजून शोक चाललाय."

"तुमचा घाम सीटवर पडतोय."

शेवटी चष्मेवाल्यांच्याने राहवेना. त्यांनी हळूच स्टार्टर मारला. "ख्यँऽ… ख्यँऽ… ख्यँऽऽ… फुस्स."

फुटपाथवरच्या म्हाताऱ्याने डोळ्यांना रुमाल लावला. "बघा," तो गदगदून म्हणाला, "गाडीसुद्धा रडतेय."

एकदा तोंड फुटल्यावर मग सगळ्यांनीच स्टार्टर मारले. सात म्हाताऱ्या गाड्यांनी चौकात जो काही गळा काढला, त्याला तोड नव्हती. कुणी हुंदके देत होती, कुणी खोकत होती, मेजरची तर मध्येच ऊर बडवल्यासारखा धाडकन आवाज काढायची. लोक ढसाढसा रडायला लागले. अर्ध्या दाढीवाल्याच्या फेसातून अश्रूंच्या वाटा झाल्या. आणि रडून रडून शेवटी सातही बॅटऱ्या उतरल्या.

आता मात्र मागच्या रांगेत हॉर्न वाजू लागले. पोलिसाने टोपी घातली.

"साहेब, झाला ना शोक? निघा."

"निघतोच," सेक्रेटरी म्हणाले. "जरा मन आवरतोय."

"मन आवरतंय की गाडी सुरू होत नाहीये?"

सेक्रेटरी मॅडमच्या फोटोचा टाय पुन्हा घट्ट करू लागले. पोलिस काय समजायचं ते समजला. चौकाच्या कडेला बंद गाड्या उचलणारी क्रेन उभीच असायची. त्याने तिला हात केला. क्रेन डुलत डुलत आली. क्रेनवाल्याने हूक खाली सोडला आणि भाजी निवडावी तशी सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली.

"कुठली आधी उचलू?"

सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या गाडीला त्यांनी कधी धुळीचा डाग लागू दिला नाही, ती हुकाला लटकून, चाकं वर करून, मॅडमच्या फोटोसकट शहरातून जाणार! आणि थेटराच्या पायरीवर मॅडमची बहीण वाट बघत बसलेली.

"ढकलून घेते माझी!" ते ओरडले. "एव्हाना निवलीय, थोडं ढकलायला लागतं फक्त. ए, उतर गं खाली."

वहिनी उतरल्या. ढकलायचं म्हटलं की आजवर त्याच उतरायच्या. सेक्रेटरी आत बसून क्लच सांभाळायचे आणि वहिनी मागून खांदा लावायच्या. पण आज त्या गाडीच्या मागे न जाता बाजूने फिरून सेक्रेटरींच्या दाराशी आल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

"उतरा."

"मी? अगं, मग चालवेल कोण?"

"मी. मागच्या वेळी ढकलून माझ्या कमरेत उसण भरली ती आठवडाभर गेली नाही. आज तुम्ही ढकला."

"तू बंद केलीस म्हणून हे झालं!"

"मग मी बंद केली, मीच सुरू करते. की त्या क्रेनवाल्यांना विचारू?"

"मला काहीही चालेल, ताई," क्रेनवाला आदबीने म्हणाला. "हूक तयार आहे."

सेक्रेटरींनी हुकाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. दोन्ही सारख्याच शांतपणे लटकून, आपलं, थांबून होती. शेवटी ते उतरले. एखाद्या राजाने सिंहासनावरून उतरावं तसे उतरले आणि मागे जाऊन डिकीला हात लावला. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर.

वहिनी बसल्या. ऊन फार होतं म्हणून त्यांनी डोक्याला स्कार्फ बांधला आणि पर्समधला काळा चष्मा चढवला. म्हाताऱ्याच्या हातातला रुमाल खाली पडला.

"दुसरा गिअर!" सेक्रेटरी मागून ओरडत होते. "क्लच दाब! मी सांगेन तेव्हा सोड! आत्ता नको! आत्ता नको!"

गाडी हलली, सरकली, वेग घेऊ लागली. इतकी वर्षं मागून ढकलून वहिनींना या गाडीचा जीव कुठल्या क्षणी जागा होतो ते तळहातांनी माहीत होतं. फक्त आज ते तळहातांऐवजी पायाला कळवायचं होतं.

"आत्ता न—" सेक्रेटरी म्हणाले, आणि वहिनींनी क्लच सोडला.

धडाड! मागच्या नळीतून काळा लोट निघाला आणि त्यात सेक्रेटरी, मुलगी आणि डॉक्टर दिसेनासे झाले. लोट विरला तेव्हा डॉक्टरांचे फक्त दात पांढरे होते. आणि हिरवी गाडी? ती चौकाच्या मधल्या बागेला वळसा घालून, खडखडत, झळझळत, सूर लावून निघाली होती!

"थांब! अगं, थांब!"

"थांबले तर बंद पडेल!" वहिनी ओरडल्या आणि दुसरा वळसा घेतला. एक हात चाकावर, शेजारी टायने बांधलेल्या मॅडम, दोघींचे स्कार्फ, दोघींचे चष्मे. अख्ख्या चौकाने टाळ्यांचा कडकडाट केला. लोकांना वाटलं, हे सगळं आधीपासून बसवलेलं आहे.

"आई, हात बाहेर काढून वळ!" मुलगी काळ्या तोंडाने नाचत होती. "अजून एक! अजून एक!"

तिसऱ्या वळशाला वहिनींनी डॉक्टरांच्या गाडीजवळून जाताना आवाज दिला, "डॉक्टरीणबाई! बघता काय? बसा पुढे, यांना ढकलू द्या!" डॉक्टरीणबाई जणू एवढ्याचीच वाट बघत होत्या. मुलांना रोज शाळेत त्याच सोडायच्या, पण दुसऱ्या, साध्या गाडीने. त्यांच्यामागोमाग चष्मेवाल्यांची बहीण बसली. उरलेल्या तिघीही बसल्या. मेजरची आई तर लेकाला कोपराने बाजूला सारून बसली.

"आई, तुला कुठे येतं?"

"तुझ्या जन्माआधी टेम्पो चालवत होते मी. ढकल मुकाट्याने."

मेजरना ही बातमी नवीन होती, पण धक्का पचवायला वेळ नव्हता, कारण दुसरा धक्का गाडीला मारायचा होता. पोलिसाने बाह्या वर केल्या. बसमधले लोक उतरले. दाढीवाला आला. एकेक गाडी धडाड करून जागी झाली आणि सातही गाड्या, सात बायकांना घेऊन, चौकाला फेरी मारून थेटराच्या रस्त्याला लागल्या. वहिनींनी वेग जरा कमी केला तेवढ्यात मुलगी पळत पळत मागच्या दारातून आत घुसली. पुरुषांसाठी कोणी वेग कमी केला नाही. केला असता तर बंद पडल्या असत्या ना!

चौकात सात काळेठिक्कर शोकाकुल उभे राहिले.

"मग?" क्रेनवाल्याने विचारलं. "तुम्हाला उचलू?"

थेटराच्या पायरीवर मॅडमची बहीण काठी टेकून उभी होती. हिरवी गाडी समोर येऊन थांबली. वहिनींनी इंजिन बंद केलं नाही, खाली उतरल्याही नाहीत; मुलीने पुष्पचक्र नेऊन दिलं आणि टाय सोडून फोटोही बहिणीच्या हाती दिला. मागून एकेक गाडी येत गेली, प्रत्येकीच्या चाकावर बाई. म्हातारी बघतच राहिली. मग ती काठी टेकत खिडकीशी आली आणि वहिनींच्या कानाशी वाकली.

"कोणाला सांगू नका हं," ती म्हणाली, "पण ताईला गाडी येत नव्हती."

"काय?"

"अहो, पुढून दोर बांधून ओढायचे. ती नुसतं चाक हलवायची. घाबरायची इतकी, की काळा चष्मा त्यासाठीच असायचा. आत डोळे घट्ट मिटलेले असत. पण तिला फार वाटायचं हो, एकदा तरी खरंखुरं चालवावं." तिने वहिनींच्या हातावर हात ठेवला. तो हात चाकावर घट्ट होता. "आज तुम्ही सगळ्या आलात. छान चालवता तुम्ही."

 वहिनींनी मान हलवली, आणि मग राहवलं नाही म्हणून जोरात हॉर्न वाजवला. मागच्या सहाजणींनीही वाजवला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून क्रेन आली. तिच्या मागच्या फळीवर सात काळे पुरुष एकमेकांना धरून उभे होते आणि हूक सेक्रेटरींच्या डोक्याशी डुलत होता. सगळे उतरले. सेक्रेटरी धापा टाकत खिडकीशी आले. आधी त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला, दिवे पाहिले, चाकं पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"काय म्हणाल्या मॅडमच्या बहीण?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काजळीतून दोन पांढऱ्या धारा ओघळल्या होत्या. चौकात त्या कधी वाहिल्या, कशासाठी वाहिल्या, मॅडमसाठी की दुसऱ्याच कुणासाठी, देव जाणे.

"म्हणाल्या, ताई अगदी अशीच चालवायची," वहिनी म्हणाल्या.

"मी सांगत नव्हतो!" सेक्रेटरी विजयाने म्हणाले. मग जरा घुटमळले. नेहमीच्या सवयीने त्यांचा हात चालकाच्या दाराकडे गेला, तिथून परत आला, आणि ते पलीकडून फिरून मॅडमच्या रिकाम्या झालेल्या सीटवर येऊन बसले.

"चल," ते पुटपुटले. "घरापर्यंत तूच घे."

वहिनींनी गिअर टाकला आणि रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या,

"दार लावून घ्या. आपटू नका, हळू. जुनी गाडी आहे."